फ्लोरेन्सहून एका दिवसात द्राक्षबागा आणि सिएना, दोघांना झेपेल का?

तासगावची_वैनी

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं लेकाकडं म्युनिकला जातोय. तो आम्हाला ट्रेननं फ्लोरेन्सला आणून सोडणार आणि त्याचं सबमिशन आहे म्हणून लगेच परत जाणार, म्हणजे फ्लोरेन्सला दोन दिवस आम्ही दोघंच. एक दिवस फ्लोरेन्स शहर, ते ठरलंय. भांडण चालूय ते दुसऱ्या दिवसावरनं. ह्यांना कियांतीच्या द्राक्षबागा बघायच्यात, कारण आमची स्वतःची बाग आहे, थोडी खायची द्राक्षं आणि बाकी सगळा बेदाणा, आणि ह्यांचं म्हणणं की इटलीपर्यंत जाऊन वाइनच्या द्राक्षाचा प्लॉट न बघता आलो तर गावात चार लोक काय म्हणतील. मला सिएना बघायचंय. शाळेत इतिहास शिकवते, इतकी वर्षं मध्ययुगीन युरोप नुसता फळ्यावर काढलाय, एकदा तरी त्या दगडांवर चालू दे की.

पुण्याच्या एका टूरवाल्यानं प्लॅन दिलाय त्यात एकाच दिवसात पिसा, सान जिमिन्यानो, सिएना आणि वर वाइन टेस्टिंग असं सगळं कोंबलंय, सकाळी निघून रात्री परत. हे म्हणतात त्यापेक्षा गाडी भाड्यानं घेऊ, मी चालवतो. मला भीती वाटते, तिकडं सगळं उलट्या बाजूनं. शिवाय मी पीत नाही, अंडंसुद्धा नको असं पूर्ण शाकाहारी, हे कधीतरी घेतात. परतीची तारीख हलणार नाही कारण ऑक्टोबर छाटणी. कुणी जाऊन आलंय का, एका दिवसात काय धरावं आणि काय सोडावं?

मिरज_जंक्शन

ताई, आधी नकाशा उघडा. फ्लोरेन्सच्या पश्चिमेला पिसा, दक्षिणेला सिएना, आणि पिसा ते सिएना अंतर शंभर किलोमीटरच्या वर. म्हणजे टूरवाला तुम्हाला अख्खा त्रिकोण फिरवणार आणि निम्मा दिवस बसच्या काचेतनं बघायला लावणार. कलता मनोरा बघायचाच असेल तर तो दुसऱ्या खेपेला. ह्या दिवसातनं पिसा काढून टाका, विचारच करू नका.

कियांती आणि सिएना मात्र एकाच वाटेवर आहेत. फ्लोरेन्स ते सिएना ७०-७५ किलोमीटर, आणि मधला जो जुना डोंगरी रस्ता आहे, एसआर २२२, त्याला कियांतीजाना म्हणतात, तो बागांमधनंच जातोय. ग्रेव्हे, पान्झानो, कास्तेलिना अशी गावं लागतात. त्यामुळं तुमचं भांडण खरं तर भांडणच नाही, सकाळ दादांची आणि दुपार तुमची.

गाडीचं म्हणाल तर माझा स्पष्ट विरोध. उजव्या बाजूनं चालवायची सवय एका दिवसात होत नाही आणि तो रस्ता सगळा वळणावळणाचा. भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट लागतं, ते सांगलीच्या आरटीओतनं निघतं, ती अडचण नाही. अडचण पुढं आहे. फ्लोरेन्स काय आणि सिएना काय, जुन्या शहरात झेडटीएल म्हणून भाग असतो, परवानगी नसलेली गाडी आत गेली की कॅमेरा नंबर टिपतोय, कुणी शिट्टी मारत नाही की अडवत नाही, आणि तुम्ही तासगावात छाटणी करत असताना दंडाची नोटीस गाडी कंपनीमार्फत येते. आणि मुख्य म्हणजे दादा तिथं जाऊन टेस्टिंग करणार. इटलीत मर्यादा लिटरमागं ०.५ ग्रॅम आहे, आपल्याकडच्या ०.३ पेक्षा जरा ढिली, पण चार ग्लास चाखून घाटात स्टिअरिंग धरायचं म्हणजे नको ते.

बसनं सिएना उत्तम जमतं, फ्लोरेन्स स्टेशनजवळनं १३१ नंबरची रॅपिडा बस साधारण सव्वा तासात थेट सिएनाच्या जुन्या गावाच्या कडेला सोडते. ट्रेनपेक्षा बस बरी, कारण सिएनाचं रेल्वे स्टेशन खाली दरीत आहे आणि तिथनं सरकत्या जिन्यांवरनं वर यावं लागतं. पण बसनं बागा बघणं अवघड. फ्लोरेन्सहून ग्रेव्हेला बस जाते, ग्रेव्हेहून पुढं सिएनाला जायचं तर वांदे. तेव्हा आठ सीटची छोटी ग्रुप टूर घ्या, नाहीतर ड्रायव्हरसकट गाडी. महाग पडेल, पण वर्षभराचं भांडण वाचेल.

पलूसचा_बागायतदार

दादांसाठी लिहितोय, त्यांना वाचून दाखवा. मी मुलीच्या लग्नानंतर जावयाबरोबर गेलो होतो, तेव्हाही सप्टेंबरच होता. तुमची वेळ एकदम बरोबर साधलीय, कारण तिकडची काढणी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते, वेलीवर घड असणार आणि कामही बघायला मिळणार. आधी बुकिंग मात्र कराच, काढणीत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, असंच गेट ढकलून आत गेलं तर कोण विचारत नाही.

पहिल्यांदा दादांना धक्का बसणार तो उत्पादनाचा. कियांती क्लासिकोचा नियमच आहे की हेक्टरी ७५ क्विंटलच्या वर द्राक्ष घ्यायचं नाही. हेक्टरी! म्हणजे एकरी तीन टन फक्त. आपल्याकडं एकरी दहा-बारा टन काढणारा माणूस तिथं उभा राहून हिशोब करतो आणि म्हणतो हे लोक जगतात कसे. वर जुलै-ऑगस्टात चांगले घड कापून खाली टाकतात, राहिलेल्यांत रस घट्ट उतरावा म्हणून. विरळणी आपणही करतो, पण आपण करतो मणी फुगायला. त्यांना फुगलेला मणी नकोच, मणी बारीक आणि साल जाड पाहिजे, कारण रेड वाइनचा रंग आणि तो तुरटपणा सगळा सालीतनं येतो. जीएचं, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाचं, डिपिंग वगैरे भानगड नाही. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तारेवर सरळ उभी भिंत केलेली असते आणि घड पार खाली, गुडघ्या-मांडीच्या उंचीवर, काढणीला वाकून कंबर मोडते. हेक्टरी कमीत कमी ४४०० झाडं लावायची हासुद्धा नियम.

जात मुख्य सांजोवेझे, किमान ८० टक्के तीच लागते. पूर्वी पांढरी द्राक्षंही मिसळायचे, २००६ च्या काढणीपासून ते बंद. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा दिसला तर ती कियांती क्लासिको, म्हणजे मधल्या जुन्या भागातली. नुसतं कियांती लिहिलेली आजूबाजूच्या मोठ्या इलाख्यातली असते. हा भाग आखून दिला १७१६ साली मेदिची घराण्याच्या तिसऱ्या कोसिमोनं, फर्मान काढून. कोंबड्याची दंतकथा गाइड सांगेलच तरी सांगतो. फ्लोरेन्स आणि सिएनाचा हद्दीचा वाद, ठरलं की पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडनं एकेक घोडेस्वार सुटायचा आणि भेटतील तिथं हद्द. सिएनावाल्यांनी आपला पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून ठेवला, तो निवांत झोपला. फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा अंधारात उपाशी ठेवला, तो भुकेनं मध्यरात्रीच बोंबलायला लागला. त्यांचा स्वार इतका पुढं आला की सिएनापासून अवघ्या १२ किलोमीटरवर फोन्तेरुतोलीत गाठ पडली. बांधाची भांडणं कुठं चुकलीत सांगा.

छाटणी एकदाच, हिवाळ्यात. आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन नाहीत, कारण तिथं थंडीनं वेल स्वतःच पानं टाकून झोपतो, आपला वेल झोपतच नाही म्हणून आपल्याला कात्री लावून नवी फूट काढायला लागते. खुंटावर कलम दोन्हीकडं आहे. आपण डॉगरिज हा खुंट आणला दुष्काळ आणि खारट पाण्यामुळं, त्यांना अमेरिकन खुंट घ्यावा लागला फायलॉक्सेरामुळं, त्या किडीनं एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागांची मुळंच खाल्ली होती. दावण्या आणि भुरी हे रोग तिथंही तसेच छळतात. जमीन बघून मात्र बरं वाटलं, गालेस्त्रो म्हणून एक भुसभुशीत चिपा सुटणारा दगड असतो, हातात घेतला की चुरा होतो, बऱ्याच बागा त्याच्यावर. आपण असल्या मुरमाड रानाला नाव ठेवतो, ते त्याचे जास्त पैसे घेतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बेदाणा करणारा माणूस आहे म्हणताय तर नुसतं टेस्टिंग रूम बघून येऊ नका, बुक करतानाच विचारा की विन सांतोची खोली दाखवणार का. विन सांतो ही त्यांची गोड वाइन. त्रेब्बियानो आणि माल्वाझिया ही पांढरी द्राक्षं निवडून काढतात आणि हवेशीर खोलीत बांबूच्या चटयांवर पसरतात नाहीतर तारेला घड टांगतात, आणि पार डिसेंबरपर्यंत, कुठं त्याच्याही पुढं, तशीच सुकवतात. आपल्या शेडमध्ये जाळ्यांवर माल पसरलेला असतो ना, तोच प्रकार, फक्त आपण डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटमध्ये बुडवून सालीवरचं मेण मोडतो म्हणून पंधरा-वीस दिवसांत काम होतं, ते काहीच लावत नाहीत त्यामुळं महिने जातात. आपण सुकवून थांबतो, ते अर्धवट सुकलेलं पिळतात. किलोला रस किती कमी निघत असेल विचार करा. मग तो रस छोट्या लाकडी पिंपात भरून पिंप माळ्यावर ठेवतात, छपराखाली, उन्हाळ्यात तापू दे हिवाळ्यात गारठू दे, आणि काही वर्षं हात लावायचा नाही. सप्टेंबरच्या शेवटी काही ठिकाणी नुकतेच टांगलेले घड दिसतात. मी त्या खोलीत शिरलो आणि वास आला, डोळे मिटले असते तर आपल्या सावळजच्या बेदाणा शेडमध्ये उभा आहे म्हणालो असतो.

आपल्याकडं राज्याच्या २००१ च्या वाइन धोरणानंतर पलूसला वाइन पार्क झालं तेव्हा आम्हालाही वाटलं होतं वाइनची जात लावावी. ती कथा मोठी आहे, इथं नको.

तासगावची_वैनी

बापरे, दादा, ह्यांना वाचून दाखवलं आणि आता हे म्हणतात सिएना राहू दे, दोन बागा बघू 😀 विन सांतोचं तर दोनदा वाचायला लावलं. ह्यांचा प्रश्न: पाणी कसं देतात, ड्रिप असतं का?

पलूसचा_बागायतदार

बहुतेक ठिकाणी पावसावरच. अगदी वेल संकटात आला तरच पाणी द्यायची मुभा. नवीन लागवडीला देतात. त्यांना सांगा एकच बाग बघा पण नीट बघा, दुसऱ्या बागेत तेच पिंप आणि तेच भाषण असतं.

सातारी_कंदी

वहिनी, सिएना अजिबात सोडू नका, आणि ते सुद्धा कमीत कमी चार तास. मी साताऱ्याचा, औंधचं म्युझियम बघत वाढलेला, त्यामुळं चित्रं दिसली की पाय हलत नाही, तेवढं गृहीत धरून वाचा.

तुम्ही इतिहासाच्या आहात म्हणून क्रम सांगतो. आधी पियाझ्झा देल काम्पो. शिंपल्यासारखा उतरता चौक, विटांचा, आणि त्यावर पांढऱ्या दगडाच्या रेघांनी नऊ भाग पाडलेत. ते नऊ म्हणजे १२८७ ते १३५५ सिएनावर राज्य करणारं नऊ जणांचं मंडळ, राजा नाही, व्यापाऱ्यांचं सरकार. त्याच चौकात पालाझ्झो पुब्लिको, त्यांची नगरपालिका म्हणा, आणि तिच्या आत नऊ जण बसायचे त्याच दालनाच्या भिंतीवर आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीनं १३३८-३९ मध्ये चांगलं राज्य आणि वाईट राज्य रंगवलं. एका भिंतीवर दुकानं चालू, बायका नाचतायत, बाहेर शेतात कामं चालू, समोरच्या भिंतीवर जुलमी राजा आणि उजाड गाव. कारभाऱ्यांनी रोज बैठकीला बसायचं आणि वर बघायचं. वर्गात सांगायला याच्यापेक्षा भारी काही मिळणार नाही. तिथं मध्यंतरी दुरुस्तीचं काम सुरू होतं, तेव्हा तिकीट काढताना भिंती मोकळ्या आहेत का विचारा.

मग कॅथेड्रल. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा संगमरवर, आत गेल्यावर सगळे वर बघतात, तुम्ही खाली बघा. फरशीवर दगड कोरून आणि जडवून केलेली ५६ चित्रं आहेत, चौदाव्या शतकापासून पुढं कित्येक पिढ्यांनी केलेली. वर्षातला बराच काळ ती झाकलेली असतात, पायांनी झिजू नयेत म्हणून. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारण उघडी ठेवतात, म्हणजे तुम्हाला दिसणार. खांदे-गुडघे झाकलेले पाहिजेत, साडी किंवा पंजाबी ड्रेस असला की प्रश्नच नाही, दादांनी हाफ पँट घालू नये.

कॅथेड्रलच्या बाजूला एक प्रचंड भिंत नुसतीच उभी दिसेल, मागं काही नाही. सिएनाला फ्लोरेन्सच्या वर जायचं होतं, म्हणून १३३९ मध्ये ठरवलं की आहे ते चर्च नुसता आडवा भाग धरायचा आणि त्याला नवा भलामोठा सभामंडप जोडायचा. काम सुरू झालं आणि १३४८ ला प्लेग आला. निम्म्याच्या आसपास माणसं गेली, पैसा गेला, काम थांबलं ते कायमचं. त्या भिंतीच्या माथ्यावर चढता येतं, अरुंद गोल जिना आहे, वरनं अख्खं गाव दिसतं. मनोरा, म्हणजे तोर्रे देल मांज्या, त्याला चारशेच्या आसपास पायऱ्या, अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्याला काही वाटणार नाही, बाकीच्यांनी भिंतीवर भागवावं. दोन्ही करायच्या नादाला लागू नका.

घोड्यांची शर्यत, पालिओ, २ जुलै आणि १६ ऑगस्टला असते, ती तुम्हाला मिळणार नाही. पण गल्ल्यांतनं फिरताना कोपऱ्याकोपऱ्यावर गोगलगाय, हंस, कासव, सुरवंट असली चिन्हं दिसतील, ते त्यांचे १७ कोंत्रादे. आपल्या गणपती मंडळांसारखंच, प्रत्येकाचा झेंडा, गाणी, हॉल आणि शेजारच्याशी पिढीजात वैर, फक्त ह्यांचं पाचसहाशे वर्षांपासून चालत आलेलं. मुलाचं बारसं सुद्धा मंडळाच्या स्वतःच्या कारंज्यावर होतं. शर्यतीत एका वेळी दहाच मंडळं पळतात, चौकाला तीन फेऱ्या, दीड मिनिटात खेळ खलास. स्वार मधेच पडला तरी घोडा एकटा पुढं पोचला तर तो जिंकला.

कृष्णाकाठचा_भटक्या

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. जन्म द्राक्षात गेला, घरी द्राक्ष, पाहुण्यात द्राक्ष, व्हॉट्सॲपवर द्राक्षाचे भाव आणि इटलीत जाऊन पण द्राक्ष?? माणसानं सुट्टीला गेल्यावर आपला धंदा विसरावा. सकाळच्या पहिल्या बसनं सिएना गाठा आणि दिवसभर तिथंच पडून राहा, संध्याकाळी काम्पोवर विटांवर बसून नुसतं बघायचं, लोक आडवेच पडलेले असतात. टूरच्या गर्दीचे लोक चार-पाचला बसमध्ये बसून निघून जातात आणि तेव्हाच गाव खरं दिसायला लागतं. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य सातच्या आसपास मावळतो, तोपर्यंत थांबा. बसचं तिकीट आधी काढा आणि पंच करायला विसरू नका, तपासनीस ऐकून घेत नाहीत.

तासगावची_वैनी

तुम्ही म्हणता ते मला पटतंय पण ह्यांना सांगून बघा, रात्री झोपेत ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातल्या साखरेचं माप, म्हणतील 😀

भडंग_आणि_फिल्टर_कॉफी

ताई, खाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी पण शाकाहारी, अंडं नाही. एक धोक्याची सूचना आधी: टेस्टिंगबरोबर किंवा हॉटेलात सुरुवातीला ब्रेडच्या तुकड्यावर तपकिरी लेप लावून देतात, टोमॅटोच्या ब्रेडच्या शेजारीच ताटात असतो, तो कोंबडीच्या काळजाचा असतो. विचारल्याशिवाय उचलू नका. आणि त्यांच्या ब्रेडला मीठ नसतं, शिळा किंवा खराब आहे असं समजू नका, तस्कनीत तसाच खातात.

तुमच्यासाठी: पिची आल्ल'आल्योने. पिची म्हणजे हातानं वळलेल्या जाड शेवया, मुळात नुसतं पीठ आणि पाणी, अंडं नसतं, तरी विचारून घ्या. आल्योने म्हणजे टोमॅटो आणि त्यांचा तो भलामोठा लसूण. चटणी सोबत न्या, मी नेते, लाजायचं कशाला. रिबोल्लिता आणि पाप्पा आल पोमोदोरो ही दोन्ही शिळ्या ब्रेडची सुपं, पहिल्यात काळपट कोबी आणि बीन्स, दुसऱ्यात टोमॅटो. पोट भरतं. ऑर्डर करताना मांसाचं पाणी आहे का एवढं विचारा, त्याला ब्रोदो म्हणतात. पेकोरिनो चीज मेंढीच्या दुधाचं आणि बहुधा प्राण्याच्या रेनेटनं (दूध फाडायला जनावराच्या पोटातनं काढतात ते) केलेलं असतं, ते तुम्ही पाळत असाल तर सोडा. गोड म्हणाल तर पानफोर्ते, बदाम, पाकवलेली फळं, मध आणि मसाले, अंडं लागत नाही, टिकतं पण भरपूर, शाळेत वाटायला तेच आणा. रिचारेल्ली छान दिसतात पण त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो आणि कांतुच्चीतही अंडं.

बिलात कोपेर्तो म्हणून माणशी पैसे लावतात, ती फसवणूक नाही, बसायचे पैसे आहेत. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायली की स्वस्त, टेबलावर बसलं की भाव वेगळा. आणि टेस्टिंगला तुम्ही पीत नाही म्हणून सांगायला संकोच करू नका, बऱ्याच बागांचं स्वतःचं ऑलिव्ह तेल असतं, ते ब्रेडवर घालून चाखायला मागा. दादांनाही सांगा, प्रत्येक ग्लास संपवायचा नसतो, घोट घेऊन चव बघून ठेवलेल्या भांड्यात ओतला किंवा थुंकला तरी कुणी काही म्हणत नाही, उलट जाणकार समजतात.

मिरज_जंक्शन

थुंकलं तर जाणकार समजतात हे वाचून आमच्या स्टेशन रोडवर सगळेच जाणकार निघाले 😂

तासगावची_वैनी

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: पुण्याच्या टूरवाल्याला नाही सांगितलं. लेकानं छोट्या ग्रुपची गाडी बघितलीय, सकाळी साडेआठला फ्लोरेन्सहून निघून ग्रेव्हेजवळ एक बाग, आणि बागेला मेल करून विन सांतोची खोली दाखवणार का विचारलंय, त्यांचं हो आलं. दीडच्या सुमाराला गाडी सिएनाला सोडणार, तिथं आम्ही ग्रुप सोडून देणार आणि रात्रीच्या बसनं आपले आपण फ्लोरेन्सला, म्हणजे भटक्यांचं पण ऐकल्यासारखं झालं. मनोरा नाही, भिंतीवर चढणार. बागेच्या मालकाला द्यायला ह्यांनी आपला बेदाणा पाव पाव किलोचे पुडे करून ठेवलेत, पिवळा आणि हिरवा दोन्ही. आता शेवटचा प्रश्न, हे बाटल्या आणायच्या म्हणतात, किती चालतात?

मिरज_जंक्शन

माणशी दोन लिटर दारू ड्यूटीशिवाय आणता येते, बाटली पाऊण लिटरची, म्हणजे एकेकाला दोन, दोघांच्या मिळून चार. तुम्ही पीत नसलात तरी तुमच्या वाटच्या दोन येतातच, ते दादांना सांगू नका, स्वतः विकत घेताना हात राखून घेतील. चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत. साडीत गुंडाळून बॅगेच्या मधोमध, आणि ती साडी भारीतली नको.

पलूसचा_बागायतदार

चारातली एक विन सांतोची घ्या. अर्ध्या लिटरची पण मिळते, मग हिशोबात पाचवी बसते का बघा. आणि बेदाणा बघून तो मालक काय म्हणाला ते इथं लिहायचं.

तासगावची_वैनी

लिहिते नक्की. तीन मोठ्या आणि तीन छोट्या घेतल्या तर पावणेचार लिटर होतंय, ह्यांनी आत्ताच कॅल्क्युलेटरवर काढलं.